मुलाचा दंड दोनदा मोडला: गंगापूर रोडवरच्या हाडांच्या हॉस्पिटलचा अडीच वर्षांचा अनुभव

माझ्या मुलाचा उजवा दंड दोनदा मोडला. दोन्ही वेळा एकाच जागी, खांद्याच्या चार बोटं खाली, आणि दोन्ही वेळा मार म्हणावा असा लागलाच नव्हता. पहिल्यांदा मोडला तेव्हा तो दहा वर्षांचा होता. अडीच वर्षांत नाशिकच्या गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतल्या या हॉस्पिटलच्या एकोणीस फेऱ्या झाल्या. फाईल समोर ठेवून लिहितेय, म्हणजे तारखांची गल्लत व्हायला नको.

लिहायचं कारण एकच. पहिल्या रात्री मी मोबाईलवर मराठीत शोधत होते, 'लहान मुलाच्या हाडात गाठ, हात मोडला'. जे सापडलं ते वाचून पोटात गोळा आला, आणि जे हवं होतं ते कुठेच नव्हतं. आपल्यासारख्या कुणा आईने सगळं सविस्तर लिहिलेलं असतं, तर ती रात्र एवढी वाईट गेली नसती.

२०२२ची दिवाळीची सुट्टी होती. आम्ही सिडकोत राहतो. सकाळी कॉलनीतली पोरं मैदानावर क्रिकेट खेळत होती, मी भाजी घेऊन परत येत होते. मुलगा लांबवर, मैदानाच्या कडेला फिल्डिंगला. चेंडू अडवून त्याने जोर लावून यष्ट्यांकडे फेकला आणि तिथेच खाली बसला. पडला नाही, कुणी धडकलं नाही. जवळ गेले तर डाव्या हाताने उजवा कोपर धरून बसलेला, चेहरा पांढराफटक. म्हणाला, "आई, आतून कट् झालं."

जवळच्याच एका दवाखान्यात नेलं, एक्स-रे काढला. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म खिडकीकडे धरून पाहिली आणि जिन्याजवळ, माणसांची ये-जा चालू असताना, मुलाच्या देखत सांगितलं, "हाडात ट्यूमर आहे, त्यामुळे मोडलंय. आमच्याकडे होणार नाही. मुंबईला टाटाला घेऊन जा." हाताला क्रेप बँडेज गुंडाळलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्या दवाखान्याचं नाव मी इथे घेणार नाही. मोठ्या ठिकाणी पाठवलं हे चुकीचं नव्हतं, शंका असेल तर पाठवायलाच हवं. पण कुठली गाठ, काय शंका, आज रात्री काय करायचं, यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नाही. रिक्षात बसल्यावर मुलाने विचारलं, "आई, ट्यूमर म्हणजे कॅन्सर ना?" मी नाही म्हणाले. पण मला तरी कुठे माहीत होतं?

दुसऱ्या दिवशी माझ्या कंपनीतल्या सुपरवायझरसाहेबांनी या हॉस्पिटलचं नाव सुचवलं. सकाळी साडेआठला पोचलो, नंबर लागला पावणेबाराला. वाट पाहण्याची तक्रार पुढे सांगतेच. पण आत गेल्यावर डॉक्टरांनी जी पंचवीस मिनिटं दिली, त्यासाठी मी आणखी चार तास बसले असते.

आधी त्यांनी फिल्म हातातही घेतली नाही. मुलाजवळ स्टूल ओढून बसले. "अंगठा वर कर बघू, ठेंगा दाखवतोस तसा. आता मनगट वर उचल. बोटं फाकव." मग अंगठ्याच्या मागच्या बाजूला कापसाने हलकेच शिवून विचारलं, "कळतंय?" ते काय तपासत होते ते मला नंतर सांगितलं. दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून एक नस जाते. दंडाचं हाड मोडलं की तिला धक्का बसू शकतो आणि मनगट लुळं पडतं. म्हणून आधी नस, मग फोटो. पुढच्या प्रत्येक भेटीत पहिलं काम हेच झालं. शेवटी शेवटी तर मुलगा आत शिरतानाच अंगठा वर करून दाखवायचा.

मग फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि मला जवळ बोलावलं. "ताई, इकडे या, घाबरू नका, नीट बघा."

इथे मला माझ्या कामाबद्दल दोन शब्द सांगावे लागतील. अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात मी अॅल्युमिनियमच्या कास्टिंगची तपासणी करते, चौदा वर्षं झाली. कास्टिंगमध्ये ब्लोहोल येतात, म्हणजे धातू ओतताना आत हवा अडकून राहिलेली पोकळी. वरून पीस चकाचक असतो, मापात बसतो, पण आतून पोकळ. मशीनवर चढवला आणि जरा ताण आला की नेमका तिथेच तडकतो. फोटोत मुलाचं हाड पाहिलं आणि मला तेच दिसलं. खांद्याच्या गोळ्याखाली लांबट काळसर पोकळी, भोवती हाडाची भिंत अंड्याच्या टरफलाएवढी पातळ, आणि त्या भिंतीला आडवी चीर. मी म्हणाले, "डॉक्टर, हा तर ब्लोहोल आहे." त्यांना शब्द माहीत नव्हता. मी समजावून सांगितला. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "अगदी तसंच. फक्त यात हवा नाही, पाणी आहे."

मग बोट ठेवून एक जागा दाखवली. पोकळीच्या तळाशी हाडाची एक बारीक कपची आडवी पडलेली होती. मोडताना भिंतीचा तुकडा सुटला आणि पाण्यातून खाली जाऊन तळाला बसला. झाडावरून गळून पडलेलं पान, असंच त्याला डॉक्टर लोक म्हणतात. आत घट्ट मांसल गाठ असती तर तुकडा असा तळाला गेला नसता, तो जिथल्या तिथे अडकून राहिला असता. एवढ्याशा कपचीवरून एवढं कळतं, हे ऐकताना माझा श्वास आदल्या दिवसानंतर पहिल्यांदा मोकळा झाला.

त्यांनी नाव सांगितलं सिंपल बोन सिस्ट. हाडातली पाण्याची गाठ म्हणा. कॅन्सर नाही, पसरत नाही. साधारण पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत सापडते, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त, आणि सगळ्यात जास्त दंडाच्या हाडात वरच्या टोकाला. त्याखालोखाल मांडीच्या हाडात, खुब्याजवळ. दुखत नाही, सूज नाही, म्हणून बहुतेक मुलांत हाड मोडल्यावरच पत्ता लागतो. कॅन्सर का वाटत नाही तेही फोटोवर दाखवलं: कडा स्वच्छ आखल्यासारखी आहे, हाडावर बाहेरून नवे पापुद्रे चढलेले नाहीत, गाठ हाड फोडून मांसात घुसलेली नाही, हाडाच्या मधोमध आहे. "तरीही," ते म्हणाले, "फोटोवरून नव्व्याण्णव टक्के म्हणणारा मी, उरलेल्या एका टक्क्यासाठी डोळे उघडे ठेवणार. वाढ वेगळी दिसली तर मीच तुम्हाला टाटाला पाठवीन, चिठ्ठी लिहून, कुणाला भेटायचं ते सांगून." टाटाचं नाव दोघांनीही घेतलं. पण एकाचं ऐकून मी रात्रभर रडले आणि दुसऱ्याचं ऐकून मला झोप लागली.

मला वाटलं होतं लगेच ऑपरेशन सांगतील. त्यांनी सांगितलं, आधी हाड जुळू द्या. गाठीतून मोडलेलं हाडही चांगलं जुळतं, मुलांचं तर हमखास. कच्चं प्लास्टर आणि गळ्यात झोळी, बस्स. हाड जुळताना क्वचित गाठसुद्धा भरून येते. दहा मुलांत एखाद्याची, म्हणून त्या आशेवर बसायचं नाही, पण त्याला संधी द्यायची.

सासूबाई सोबत होत्या. त्यांचं म्हणणं, दिंडोरीकडे एक हाडवैद्य आहेत, पिढीजात, त्यांच्याकडून बांधून घेऊ. मला वाटलं डॉक्टर चिडतील. चिडले नाहीत. खुर्ची त्यांच्याकडे वळवून म्हणाले, "आजी, तुमच्या नातवाचं हाड मडक्यासारखं झालंय. मडक्याला चीर गेली तर आपण चोळतो का? याला तेल नको, मालिश नको, ओढून बसवणं तर नकोच." सासूबाईंनी एकदाच मान डोलावली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. त्यांचा दुसरा प्रश्न होता, "दूध पीत नाही म्हणून झालं का हो?" तो प्रश्न माझ्याही मनात ठाण मांडून होता, कारण घरी फोनवर येणारा प्रत्येक जण तेच सुनावत होता, कॅल्शियम कमी पडलं असेल, आई नोकरी करते, डब्यात काय देते कुणास ठाऊक. डॉक्टर म्हणाले, "याचा दुधाशी काही संबंध नाही. ही गाठ नेमकी का होते ते अजून पक्कं कुणालाच ठरवता आलेलं नाही. आईने काय केलं नि काय नाही, यामुळे होत नाही." डिंकाचे लाडू खाल्ले तर चालतील का, असं सासूबाईंनी विचारल्यावर ते हसून म्हणाले, खुशाल खाऊ द्या. त्या एका वाक्याने माझ्या डोक्यावरचं जे ओझं उतरलं, ते कुठल्या बिलात लिहिता येणार नाही.

पहिले तीन आठवडे मुलगा सोफ्यावर, पाठीशी तीन उशा लावून, अर्धा बसूनच झोपला. आडवं झालं की मोडलेली टोकं हलतात आणि दुखतं. तिथल्या एका सिस्टरनी सांगितलेली युक्ती सगळ्यांनी लक्षात ठेवा: काखेत जुन्या सुती धोतराची घडी ठेवायची आणि दिवसातून दोनदा बदलायची. घाम साचून कातडी सोलवटत नाही. त्या तीन आठवड्यांत याचा फार उपयोग झाला. चौथ्या आठवड्यात फोटोत हाडाभोवती धुरकट पांढरं दिसू लागलं, सहाव्या आठवड्यात झोळी निघाली. हाड जुळलं. गाठ मात्र तशीच.

फेब्रुवारीत परत फोटो. पोकळी थोडी लहान झालेली, पण भिंत अजून पातळच. त्या दिवशी पुढच्या उपायांची पूर्ण माहिती दिली. एक, सुईने पाणी काढून आत स्टेरॉईडचं औषध सोडायचं. ही पद्धत १९७०च्या दशकात इटलीतून सुरू झाली. टाके नाहीत, पण एका वेळेत भागेल असं नाही, दोन-तीन वेळा करावं लागू शकतं, आणि मुलांना दर वेळी भूल. दोन, स्वतःच्या कमरेच्या हाडातला मगज काढून आत भरायचा. तीन, छोटं भोक पाडून आतलं अस्तर खरवडून काढायचं आणि पोकळीत हाडाचा चुरा भरायचा. चार, कोपराच्या वरून लवचीक टायटॅनियमच्या सळया हाडात सरकवायच्या. त्या हाडाला आधार देतात आणि गाठीचं पाणी हाडाच्या मगजाच्या पोकळीत उतरायला वाट मोकळी होते. यातल्या कुठल्याही उपायानंतर गाठ पुन्हा भरू शकते, हेही स्पष्ट सांगितलं. "गॅरंटी देणारा डॉक्टर भेटला तर त्याच्याकडे जाऊ नका," हे त्यांचे शब्द.

एक गोष्ट मला तेव्हा नीट कळली. गाठ खांद्याजवळच्या वाढीच्या पट्टीला जवळजवळ चिकटलेली होती. दंडाच्या हाडाची ऐंशी टक्के लांबी या वरच्या पट्टीतून वाढते. तिथे खरवडताना हत्यार लागलं तर हात आखूड राहू शकतो. म्हणून गाठ पट्टीपासून थोडी लांब सरकेपर्यंत थांबायचं, मुलाला झटक्याचे खेळ बंद, आणि तीन-तीन महिन्यांनी फोटो. मी कबूल झाले. आज विचाराल तर तो निर्णय मला बरोबरच वाटतो, जरी पुढे जे व्हायचं ते झालं तरी.

एप्रिल २०२३. परीक्षा संपून मुलगा आजोळी निघालेला. बसमध्ये चढताना उजव्या हाताने दांडा धरला, मागून गर्दीचा रेटा आला, हाताला हिसका बसला. परत तसंच, कट्. नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी तपासणीच्या टेबलावर होते. हातातला पीस मी रिजेक्शनच्या ट्रेमध्ये टाकला, की मंजूर मालात, ते मला आजही आठवत नाही. नंतर जाऊन मी त्या दिवसाची पूर्ण पेटी परत तपासली.

या वेळी एमआरआय सांगितला. कारण असं, की याच जागी अशीच दिसणारी दुसरी एक गाठ असते, रक्ताने भरलेल्या कप्प्याकप्प्यांची. एमआरआयमध्ये तिच्यात रक्ताचे थर दिसतात, जाड खाली आणि पातळ वर. तिचा इलाज वेगळा आणि जास्त नेटाने करावा लागतो. शिवाय फार क्वचित, पण एक वाईट कॅन्सरही तिच्यासारखं सोंग घेतो. आमच्या मुलाच्या फोटोत एका कोपऱ्यात थर दिसले आणि मी हादरले. डॉक्टर म्हणाले, नुकतंच मोडलेल्या साध्या गाठीतही रक्त मिसळून असा थर दिसतो, म्हणून आतलं अस्तर तपासल्याशिवाय मी ठामपणे काही बोलणार नाही. "ठामपणे बोलणार नाही" असं सांगणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटला.

ऑपरेशन चार दिवसांनी झालं, सुमारे दीड तास. आधी सुई घातली तेव्हा लालसर पिवळं पाणी आलं. ताज्या मोडण्यामुळे लाल. मग छोट्या भोकातून अस्तर खरवडून तपासणीला पाठवलं, पट्टीपासून एक सेंटिमीटर जागा न शिवता सोडली, पोकळीत हाडाचा कृत्रिम चुरा भरला, आणि कोपराच्या वर बाहेरच्या बाजूने दोन लवचीक सळया सरकवून पट्टीच्या अलीकडे थांबवल्या. बाहेर येऊन डॉक्टरांनी कागदावर पेनने आकृती काढून हे सगळं सांगितलं. तो कागद फाईलमध्ये आहे. मुलाला शुद्ध आल्याबरोबर पुन्हा तेच: "अंगठा वर."

बायोप्सीच्या रिपोर्टला सहा दिवस लागले. हॉस्पिटलमधून फोन येणार होता. पाचव्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांनी स्वतः फोन केला, की रिपोर्ट उद्या येईल, आज आलेला नाही, आज वाट पाहू नका, जेवून घ्या. फक्त एवढंच सांगायला. आणि सहाव्या दिवशी सकाळी नऊच्या आत: साधी गाठच आहे. मी कंपनीच्या गेटवर होते, वॉचमनकाकांनी मला खुर्ची दिली.

आता ज्या गोष्टी खटकल्या, त्याही लिहायलाच हव्यात.

वाट फार पाहावी लागते. नंबरची चिठ्ठी साडेआठला मिळते, पण डॉक्टर ऑपरेशन आटोपून येतात, म्हणून दहाची वेळ म्हणजे साडेअकरा धरा. हात गळ्यात बांधलेल्या लहान मुलाला लाकडी बाकावर तीन तास बसवणं हाल आहेत. लहान मुलांना आधी घ्यावं, असं मी दोनदा लेखी दिलं. दुसऱ्यांदा दिल्यावर निदान पाठ टेकता येईल अशा चार खुर्च्या तरी आल्या.

खर्चाचा अंदाज ऑपरेशनआधी पंच्याऐंशी हजार सांगितला होता. बिल झालं एक लाख सहा हजार. फरक सळयांचा आणि कृत्रिम हाडाच्या चुऱ्याचा. ते अंदाजात धरलेले नव्हते, 'इम्प्लांट वेगळं' असं बारीक अक्षरात खाली लिहिलेलं होतं. विचारल्यावर त्यांनी दोन्हींची खरेदीची पावती दाखवली, त्यात लपवाछपवी नव्हती. पण बाई किंवा माणूस घाबरलेला असताना बारीक अक्षर वाचत नाही. तुम्ही जाल तेव्हा तोंडाने विचारा: सळ्यांचे धरून किती, चुऱ्याचे धरून किती, आणि सळया परत काढायचे किती. कारण सळया काढणं हे पुन्हा एक ऑपरेशन असतं, हे आम्हाला कुणी पैशाच्या संदर्भात आधी सांगितलंच नाही.

डिस्चार्जच्या दिवशी मेडिक्लेमची मंजुरी यायला सात तास लागले. ती चूक विमा कंपनीची. पण हॉस्पिटलच्या त्या टेबलावरचा मुलगा जेवायला गेला तो दोन तास आलाच नाही, ही चूक इथली. फोटोची सीडी मागितल्याशिवाय देत नाहीत. प्रत्येक वेळी मागून घ्या, जुने फोटो शेजारी ठेवल्याशिवाय ही गाठ वाढली की भरली ते कळत नाही.

फिजिओथेरपीचा विभाग तळमजल्यावर आहे, तिथे मात्र माझं समाधान झालं नाही. पंधरा मिनिटं म्हणून सात मिनिटांत उरकायचे. सुदैवाने व्यायाम घरी करण्यासारखे होते. पुढे वाकून हात लोंबता सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हलवायचा, मग गोल फिरवायचा, आधी बशीएवढा गोल, मग ताटाएवढा. नंतर भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि दोन बोटांनी भिंतीवर चढत जायचं, मुंगीसारखं. जिथे बोटं थांबतील तिथे मी पेन्सिलीने खूण करायचे, शेजारी तारीख. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी जमिनीपासून चार फुटांवर पहिली खूण आहे, १२ जूनची. गणपतीपर्यंत त्या खुणा माझ्या डोक्याच्याही वर गेल्या. घराला रंग दिला तेव्हा तेवढी पट्टी मी रंगवू दिली नाही.

पुढची दोन वर्षं फोटो, फक्त फोटो. इथे या हॉस्पिटलचं खरं मोल मला कळलं. ऑपरेशन तर पुष्कळ ठिकाणी होतात. पण नंतर दर चार महिन्यांनी त्यांच्याकडून फोन येतो, तारीख चुकली तर दुसरा येतो, आणि डॉक्टर दर वेळी सगळे फोटो ओळीने लावून मोजपट्टीने मोजतात. पोकळी आधी दुधाळ झाली, मग पांढरी, भिंती जाड झाल्या. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: ऑपरेशनच्या वेळी सळयांची टोकं वाढीच्या पट्टीला टेकत आलेली होती. दर फोटोत पट्टी वर वर सरकत गेली आणि सळया मागे राहिल्या. २०२५च्या मार्चमधल्या फोटोत मी स्वतः मोजपट्टी लावली. सळयांचं टोक आणि वाढीची पट्टी यांच्यात चांगलंच अंतर पडलेलं. हाड वाढतंय, पट्टीला काही झालेलं नाही. मी दोन्ही दंड खांद्यापासून कोपरापर्यंत शिंप्याच्या टेपने मोजले. सारखे.

एका कोपऱ्यात दाण्याएवढी काळी जागा अजून आहे. वर्षभर ती वाढलेली नाही, भोवतीचं हाड भक्कम आहे, म्हणून तिला हात लावायचा नाही असं ठरलं. मे २०२५मध्ये सळया काढल्या, सकाळी दाखल आणि दुसऱ्या दिवशी घरी. दोन्ही सळया मुलाने मागून घेतल्या. व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायचं आमचं साधन, लावून मोजलं, तीन मिलिमीटरला किंचित कमी. बोटाने वाकवली की वाकते आणि सोडली की सरळ होते.

अजून एक गोष्ट, मोठ्या माणसांसाठी. बाहेर बाकावर निफाडकडच्या एक मावशी भेटायच्या, साठीच्या पुढच्या. पाण्याची कळशी उचलताना त्यांचा दंड मोडला होता. माझ्या मुलाची गोष्ट ऐकून त्यांच्या सुनेला धीर आला, म्हणाली, मग यांचीही साधीच गाठ असेल. डॉक्टरांनी तिला माझ्या देखतच सांगितलं, की लहान मुलांचा हिशेब मोठ्यांना लावायचा नाही. त्या वयात मार न लागता हाड मोडलं तर शरीरात दुसरीकडून हाडात पसरलेला कॅन्सर नाही ना, हे आधी शोधावं लागतं, रक्ताच्या तपासण्या, स्कॅन, सगळं. सळई घालण्याची घाई आधी करायची नाही. मोठ्यांच्या हाडातही निरुपद्रवी गाठी असतात, पण ते तपासून ठरतं, अंदाजाने नाही. म्हणून माझं हे लिखाण वाचून कुणी आपल्या वडिलांच्या हाताचं निदान करू नये.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: गुरुवारी गर्दी कमी असते. गाडी हॉस्पिटलसमोर लावू नका, गल्ली अरुंद आहे, अँब्युलन्सला वाट राहत नाही. गंगापूर रोडवरच उतरून चालत या, पाच मिनिटं. मुलासाठी समोरून बटणं असलेला, दोन नंबर मोठा शर्ट न्या, डोक्यातून घालायचा टी-शर्ट चालत नाही. जुने सगळे फोटो न्या, पहिल्या दवाखान्यातला खराब आलेला असला तरी. आणि मुलाला आत सोबत न्या. इथे डॉक्टर त्याच्याशीच बोलतात.

पुढची तारीख नोव्हेंबरची आहे. डॉक्टरांनी सळया काढल्यावर तीन महिने थांबायला सांगितलं होतं, ते ऑगस्टमध्ये संपले. गेल्या रविवारी मुलगा परत त्याच मैदानावर गेला, मी गॅलरीत उभी होते. चेंडू त्याच्याकडे आला. त्याने तो उचलला, हात मागे नेला, क्षणभर थांबला आणि फेकला. मग वर गॅलरीकडे बघून अंगठा वर केला.